घसारा आणि अमॉर्टायझेशन : कंपनीचे हिशेब वाचताना या चुका टाळा

कंपनीचे नफा-तोटा पत्रक वाचताना बहुतेक वाचक विक्री, व्याज आणि निव्वळ नफा यांपाशी थांबतात आणि घसारा व अमॉर्टायझेशनच्या ओळीवरून नजर पुढे नेतात. हा तर नुसता कागदावरचा खर्च, अशी समजूत त्यामागे असते आणि पुढच्या अनेक चुका याच समजुतीतून निघतात. यंत्र, इमारत किंवा सर्व्हर विकत घेतला तेव्हा पैसा खरोखरच गेलेला असतो. फक्त त्याचा भार एकाच वर्षाच्या नफ्यावर न टाकता ती मालमत्ता जितकी वर्षे उपयोगी पडेल तितक्या वर्षांवर वाटला जातो. मूर्त मालमत्तेबाबत या वाटणीला घसारा म्हणतात आणि पेटंट, परवाने, सॉफ्टवेअर अशा अमूर्त मालमत्तेबाबत अमॉर्टायझेशन. या वर्षी रोख गेली नाही एवढेच त्यावरून खरे ठरते. ती आधी गेलेली आहे, आणि धंदा चालू ठेवायचा असेल तर पुन्हा जाणार आहे.

याच समजुतीची दुसरी बाजू रोख प्रवाह पत्रकात दिसते. तेथे निव्वळ नफ्यात घसारा परत मिळवलेला असतो, म्हणून घसाऱ्यामुळे कंपनीकडे रोख येते असा अर्थ काढला जातो. प्रत्यक्षात नफा काढताना जी रक्कम वजा केली आणि जिच्यासाठी या वर्षी पैसे दिले गेले नाहीत, तीच तेथे पूर्ववत केलेली असते. घसारा दुप्पट दाखवला तर नफा तेवढाच कमी होईल आणि मिळवणी तेवढीच वाढेल. हातातली रोख जिथल्या तिथे राहील. करामुळे फरक पडतो हे खरे, परंतु करासाठी मोजला जाणारा घसारा बहुतेक देशांत वेगळ्या नियमांनी ठरतो आणि हिशेबातील घसाऱ्याशी त्याची तफावत स्थगित कराच्या, म्हणजे पुढील वर्षांवर ढकललेल्या कराच्या, रूपाने ताळेबंदात येते. तसेच ‘संचित घसारा’ हा जुनी यंत्रे बदलण्यासाठी बाजूला ठेवलेला निधीही नव्हे. तो मालमत्तेच्या मूळ किमतीतून आजवर वजा झालेला आकडा आहे. त्यामागे बँकेत एक पैसाही असेलच असे नाही.

एबिटडा, म्हणजे व्याज, कर, घसारा आणि अमॉर्टायझेशन यांच्या आधीचा नफा, या आकड्यावर विसंबणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य तपासावी. चालू खर्च मालमत्ता म्हणून नोंदवला की तो या नफ्यातून नाहीसा होतो आणि पुढे घसाऱ्याच्या रूपाने एबिटडाच्या रेषेखाली उतरतो. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीने इतर कंपन्यांची जाळी वापरण्याचा खर्च अशाच रीतीने भांडवली मालमत्तेत ढकलला होता. जून २००२ मध्ये ही रक्कम सुमारे ३.८ अब्ज डॉलर असल्याचे तिने जाहीर केले. प्रत्येक कंपनी असे करते असे नव्हे. पण एबिटडा वाढत असताना भांडवली खर्चही त्याच वेगाने वाढत असेल आणि त्या प्रमाणात क्षमता वाढलेली दिसत नसेल, तर नेमके काय भांडवली, म्हणजे मालमत्ता म्हणून, धरले आहे हे हिशेबासोबतच्या टिपांमध्ये शोधावे.

घसारा हा अंदाज आहे

घसाऱ्याचा आकडा तीन गोष्टींवर उभा असतो : मालमत्तेची किंमत, तिचे उपयुक्त आयुष्य आणि आयुष्य संपल्यावर तिची मिळणारी किंमत, म्हणजे अवशिष्ट मूल्य. यांपैकी पहिली गोष्ट बिलावर असते. उरलेल्या दोन व्यवस्थापनाच्या अंदाजातून येतात. त्यामुळे घसारा हा मोजून काढलेला पक्का आकडा आहे असे मानणे ही, माझ्या मते, या विषयातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

समजा, १० लाखांचे यंत्र आहे, त्याचे आयुष्य ९ वर्षे आणि अवशिष्ट मूल्य १ लाख धरले आहे. सरळ रेषा पद्धतीने, म्हणजे दरवर्षी सारखी रक्कम धरून, वर्षाला १ लाख घसारा पडेल. तीन वर्षांनी पुस्तकी मूल्य, म्हणजे मूळ किमतीतून घसारा वजा जाता उरलेली रक्कम, ७ लाख असताना कंपनीने ठरवले की हे यंत्र एकूण १२ वर्षे चालेल. आता ६ लाख उरलेल्या ९ वर्षांवर वाटले जातील आणि वार्षिक घसारा सुमारे ६६,६६७ होईल. यंत्र तेच, उत्पादन तेच, आलेली रोख तीच. तरी करपूर्व नफा वर्षाला सुमारे ३३,३३३ ने वाढला. हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार असा बदल अंदाजातील बदल मानला जातो आणि तो पुढील काळालाच लागू होतो, मागची वर्षे सुधारली जात नाहीत. म्हणून जुन्या आणि नव्या वर्षांचा नफा शेजारी ठेवून वाढीचा दर काढणारा वाचक सहज फसतो.

हा बदल प्रामाणिक कारणानेही होतो. अल्फाबेटने २०२३ च्या सुरुवातीपासून सर्व्हर आणि काही नेटवर्क उपकरणांचे आयुष्य वाढवून ६ वर्षे केले आणि त्या वर्षीचा घसारा त्यामुळे ३.९ अब्ज डॉलरने कमी झाल्याचे आपल्या अहवालात स्वतःच सांगितले. अॅमेझॉनने उलट २०२५ पासून आपल्या काही सर्व्हर व नेटवर्क उपकरणांचे आयुष्य ६ वरून ५ वर्षांवर आणले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तंत्रज्ञान वेगाने बदलत असल्याचे कारण तिने दिले. एकाच प्रकारच्या उपकरणांबद्दल दोन मोठ्या कंपन्यांचे अंदाज असे वेगळे असू शकतात, आणि दोन्ही उघडपणे मांडलेले असतात. अप्रामाणिक बाजूचे ठळक उदाहरण म्हणजे कचरा उचलणारी अमेरिकी कंपनी वेस्ट मॅनेजमेंट. तिच्या कचरागाड्यांचे आयुष्य वाढवून आणि अवशिष्ट मूल्य फुगवून घसारा दाबण्यात आला होता, असा आरोप अमेरिकेच्या रोखे नियामकाने २००२ मध्ये तिच्या माजी अधिकाऱ्यांवर ठेवला. त्याआधी १९९८ मध्ये कंपनीला १९९२ ते १९९७ या वर्षांचे हिशेब दुरुस्त करावे लागले आणि १.७ अब्ज डॉलरचा नफा मागे घ्यावा लागला.

म्हणून लेखा धोरणांच्या टिपेत दिलेली आयुष्ये मागील वर्षाच्या अहवालाशी आणि त्याच धंद्यातील दुसऱ्या कंपनीशी ताडून पाहावीत. आणखी एक खूण उपयोगी पडते. मालमत्ता विकताना किंवा मोडीत काढताना कंपनीला वर्षानुवर्षे तोटाच होत असेल, तर घसारा कमी लावला जात होता असा संशय घेण्यास जागा आहे. सतत नफाच होत असेल तर तो गरजेपेक्षा जास्त लावला जात होता.

पद्धतीबाबतची चूक छोटी आहे, पण वारंवार होते. घटत्या शिलकीच्या पद्धतीत दरवर्षी उरलेल्या पुस्तकी मूल्यावर ठरावीक टक्के घसारा लावतात. तेथे २० टक्के दर म्हणजे ५ वर्षांचे आयुष्य, असे समीकरण मांडले जाते. ते केवळ सरळ रेषा पद्धतीत, आणि तेही अवशिष्ट मूल्य शून्य असेल तर, जुळते. घटत्या शिलकीत १० लाखांच्या मालमत्तेचे पाच वर्षांनी ३,२७,६८० शिल्लक राहतात. दोन कंपन्यांच्या पद्धती वेगळ्या असतील तर त्यांच्या दरांची सरळ तुलना करू नये.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

नफा-तोटा पत्रकात घसारा सापडतच नाही, अशी तक्रार अनेकदा होते. खर्च कार्यानुसार मांडणाऱ्या कंपन्या कारखान्याचा घसारा विकलेल्या मालाच्या खर्चात आणि कार्यालयाचा घसारा प्रशासकीय खर्चात मिसळतात. अशा वेळी आकडा रोख प्रवाह पत्रकात किंवा टिपांत मिळतो. तो टिपेतील एकूण घसाऱ्याशी तंतोतंत जुळला नाही तरी लगेच चूक समजू नये. कारखान्याचा काही घसारा वर्षअखेरीस न विकलेल्या मालाच्या साठ्यात अडकलेला असतो, तर दुसरी मालमत्ता उभारताना वापरलेल्या यंत्रांचा घसारा त्या मालमत्तेच्या किमतीतच जातो.

निव्वळ मालमत्तेचा मेळ घालतानाही अशीच अडचण येते. सुरुवातीची शिल्लक, अधिक खरेदी, वजा घसारा, एवढेच करून अखेरची शिल्लक येत नाही. विकलेल्या मालमत्तेचे उरलेले पुस्तकी मूल्य, मूल्यऱ्हासाची (मालमत्तेतून वसूल होऊ शकणारी रक्कम पुस्तकी मूल्यापेक्षा खाली गेल्यावर करावी लागणारी) खास वजावट, विकत घेतलेल्या कंपन्यांकडून आलेली मालमत्ता आणि परदेशी उपकंपन्यांचे आकडे रूपांतरित करताना पडलेला चलनफरक हे चारही धरावे लागतात.

भांडवली खर्च प्रचंड झाला तरी घसारा वाढला नाही, याचे कारण बहुधा ‘उभारणी चालू असलेली मालमत्ता’ या ओळीत असते. मालमत्ता वापरासाठी तयार झाल्यावरच घसारा सुरू होतो. तोपर्यंत, पात्र प्रकल्पांच्या बाबतीत, कर्जावरील व्याजही प्रकल्पाच्या किमतीत मिळवले जाते. त्यामुळे नवा कारखाना सुरू होताच घसारा आणि व्याज हे दोन्ही भार एकदम नफ्यावर येतात, तर विक्री मात्र हळूहळू वाढते. ज्याने आधीच्या वर्षांचा नफा तसाच पुढे ओढून अंदाज बांधला, त्याला हा धक्का अनपेक्षित वाटतो. ताळेबंदात तो दोन-तीन वर्षे आधीपासून दिसत असतो. एकदा सुरू झालेला घसारा, आयुष्यावर आधारित पद्धतीत, यंत्र बंद पडून राहिले म्हणून थांबत नाही, हेही येथे लक्षात ठेवावे.

पुस्तकी मूल्य म्हणजे बाजारमूल्य नव्हे, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही संचित घसाऱ्याला मूळ किमतीने भागून मालमत्ता किती जुनी झाली हे काढताना जमीन त्यातून वगळायची राहून जाते. जमिनीवर सामान्यतः घसारा नसतो, त्यामुळे ती धरली की यंत्रे आहेत त्यापेक्षा नवी भासतात.

अमूर्त मालमत्ता

येथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. कंपनीने स्वतः घडवलेला ब्रँड ताळेबंदात येत नाही. विकत घेतलेला येतो. गुडविल, म्हणजे दुसरी कंपनी घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेच्या मूल्यापेक्षा जास्त मोजलेली रक्कम, आंतरराष्ट्रीय मानकांनुसार अमॉर्टाइझ होत नाही, त्याची दरवर्षी मूल्यऱ्हासासाठी चाचणी होते. अमेरिकेतील सूचिबद्ध कंपन्यांनाही हाच नियम आहे. म्हणून गुडविलची रक्कम वर्षानुवर्षे स्थिर आहे यावरून ती खरेदी यशस्वी ठरली असा निष्कर्ष काढू नये, आणि एखाद्या वर्षी मोठी वजावट आली तर ते नुकसान त्याच वर्षी झाले असेही मानू नये.

अनेक कंपन्या ‘समायोजित नफा’ दाखवताना अमॉर्टायझेशन वगळतात. खरेदीतून आलेल्या ग्राहकसंबंधांचे अमॉर्टायझेशन वेगळे पाहण्यात काही अर्थ आहे, कारण त्यासाठी पुन्हा तशीच रक्कम मोजावी लागेलच असे नाही. परंतु न्याय दोन्हीकडे सारखा लागला पाहिजे. स्वतः ग्राहक मिळवणारी कंपनी जाहिरात आणि विक्रीचा खर्च नफ्यातून भागवते. दुसरी कंपनी विकत घेऊन ग्राहक मिळवणारी हे अमॉर्टायझेशनही वगळू लागली, तर तिच्या हिशेबात ग्राहक फुकट आले असे दिसते. स्वतः तयार केलेल्या सॉफ्टवेअरचे अमॉर्टायझेशन मात्र वगळणे मला मुळीच मान्य नाही. ते बहुतांशी प्रोग्रामरांचे पगार आहेत, जे कंपनी आजही देत आहे आणि उद्याही देणार आहे. अशा कंपनीबाबत वर्षभरात भांडवली केलेला विकासखर्च आणि त्याच वर्षीचे अमॉर्टायझेशन शेजारी ठेवावे. पहिला आकडा सतत मोठा असेल तर नफा तेवढ्या फरकाने रोखीच्या पुढे धावतो आहे.

भाडेकरारांची मालमत्ता

१ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार भाड्याने घेतलेल्या बहुतेक मालमत्तांचा वापरहक्क ताळेबंदात येतो आणि भाड्याऐवजी त्या हक्कावरील घसारा व पुढील भाड्याच्या देण्यावरील व्याज दाखवले जाते. अल्पमुदतीचे आणि कमी किमतीच्या वस्तूंचे करार यातून वगळता येतात. करार तोच असूनही एबिटडा वाढतो, आणि मुद्दलाची परतफेड अर्थसाहाय्याच्या भागात गेल्याने परिचालनातून आलेली रोखही मोठी दिसते. अमेरिकी नियमांत परिचालन भाडेकरार (ज्यात मालकीची जोखीम व लाभ मुख्यतः भाड्याने देणाऱ्याकडेच राहतात) ताळेबंदात आला तरी त्याचा खर्च एकाच ओळीत, एबिटडाच्या आधीच वजा होतो. म्हणून विमान कंपन्या किंवा दुकानसाखळ्या यांची दोन देशांत तुलना करताना आंतरराष्ट्रीय मानके पाळणाऱ्या कंपनीच्या एबिटडातून वापरहक्कावरील घसारा आणि भाडेकराराचे व्याज वजा करून घ्यावे. दोन्ही आकडे भाडेकरारांच्या टिपेत दिलेले असतात.