रोज दम निघेपर्यंत पळू नका
२२० मधून वय वजा केलं की हृदयाच्या कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. वय ४० असेल तर १८०. मध्यम व्यायाम म्हणजे त्याच्या ५० ते ७० टक्के, मिनिटाला ९० ते १२६ ठोके. बहुतेक दिवस इथेच राहा. नवखी माणसं पहिल्याच आठवड्यात जीव तोडून पळतात आणि मग सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

हातात स्मार्टवॉच नसलं तरी अडत नाही. थांबल्या थांबल्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं टेकवा, १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. बोलता येतंय पण गाता येत नाही, तर वेग बरोबर आहे.

बीटा ब्लॉकरच्या (रक्तदाब किंवा हृदयाच्या त्रासासाठी देतात त्या, ठोके मंद ठेवणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर ठोके फारसे वाढतच नाहीत. तेव्हा हे गणित सोडून आकडा डॉक्टरांनाच विचारा.