नुंट चिकट राहत होती, ती अशी जमली (माझा अनुभव)

पुरीम या ज्यू सणाला एकमेकांकडे खाऊ पाठवतात. पूर्व युरोपातल्या बऱ्याच ज्यू घरांत त्या ताटात नुंट असते, म्हणजे मध-अक्रोडाची वडी. माझं सासर मूळचं रोमानियाचं, म्हणून आमच्याकडेही ती दरवर्षी होते. पण आम्ही इस्रायलमध्ये अश्दोदला समुद्राजवळ राहतो. वडी कापताना छान वाटायची आणि सकाळपर्यंत डब्यात एकमेकींना चिकटून तिचा गोळा व्हायचा.

कारण मधातच आहे. त्यातलं फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं. पाकात पाणी उरलं असेल तर वडी आणखी लवकर पाझरते. म्हणून आता 1 वाटी मधाला पाव वाटी साखर घालते आणि खोल पातेलं घेते, कारण मध फेसाळून वर येतो. मंद आचेवर ढवळत राहायचं. गोळीबंद पाकावर थांबायचं नाही. गार पाण्यात टाकलेला थेंब कडक गोळी झाला आणि बोटांत दाबून चपटा होईना, की पाक झाला. थर्मामीटरवर साधारण 130 अंश. फार पुढे गेलं तर मध करपून कडू लागतो.

अक्रोड 2 वाट्या, आधी कोरडे भाजून गरमच घालायचे. गार अक्रोडांनी पाक एकदम आवळतो. ओल्या पाटावर ओतून ओल्या लाटण्याने पसरायचं, कोमट असतानाच शंकरपाळ्यासारखं कापायचं. प्रत्येक वडी बटर पेपरमध्ये वेगळी गुंडाळायची, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. फ्रीजमध्ये मात्र नको, बाहेर काढल्यावर तिला घाम सुटतो.