कॉलेजच्या ग्रंथालयात मुलं बसत नाहीत? जागा आखताना या चुका टाळा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाचं नूतनीकरण झालं तेव्हा पेढे वाटले होते. केशरी-पोपटी खुर्च्या, हॉलच्या मधोमध सहा गोल टेबलं, भिंतीवर सुविचार, दाराशी काचेच्या कपाटात नवी पुस्तकं. टेबलांची निवड माझीच होती, हे आधीच कबूल करतो. महिन्याभरात गोल टेबलांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे साठले. मुलं कुठे, तर स्टॅक रूमबाहेरच्या, म्हणजे पुस्तकं साठवायच्या खोलीबाहेरच्या बोळात. तिथे एक लंगडं बाकडं होतं, एक खिडकी होती आणि एक प्लग पॉइंट. एवढ्यावर सात-आठ जण दाटीवाटीने बसलेले असत.

मी त्यांना उठवून हॉलमध्ये पाठवायचो. आमचे अटेंडंट मामा एकदा सहज म्हणाले, "सर, पोरं चुकीच्या जागी बसली नाहीत. टेबलं चुकीच्या जागी बसलीत." तेव्हापासून शेजारच्या कॉलेजांतून कुणी नूतनीकरणाबद्दल विचारायला आलं, की मी सुताराआधी वही-पेन्सिल काढायला लावतो.

पहिली चूक : फॉर्म पाठवून मोकळं होणं

ग्रंथालय समितीची बैठक होते, "विद्यार्थ्यांचं मत घ्या" असं ठरतं, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल फॉर्म जातो. ग्रंथालयात काय हवं? उत्तरं फॉर्म उघडायच्या आधीच ठाऊक असतात : एसी, वाय-फाय, आरामदायी खुर्च्या. मुलं खोटं बोलत नाहीत. पण प्रश्नच असा असतो, की समोरच्याने दुकानात उभं राहिल्यासारखी यादी द्यावी.

त्यापेक्षा दहा-बारा मुलांना एकेकटं बसवून एवढंच विचारा : काल शेवटचं लेक्चर सुटल्यापासून घरी पोचेपर्यंत कुठे कुठे होतास? बी.एस्सी.च्या एका मुलीने मला सांगितलं, की सव्वाबाराला प्रॅक्टिकल सुटतं आणि गावाची एसटी पावणेतीनला. मधले अडीच तास? डबा जिन्याखाली, मग कॉमन रूममध्ये थोडं टेकायचं, मग जागा मिळावी म्हणून तासभर आधीच स्टँडवर. "आणि लायब्ररी?" असं विचारल्यावर म्हणाली, "बॅग बाहेर ठेवायला लागते सर. डबा, पास, पैसे सगळं तिच्यातच असतं." एसी हा शब्द तिच्या तोंडून एकदाही आला नाही.

ही युक्ती काही माझी नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने यासाठी नॅन्सी फ्रीड फॉस्टर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनाच कामाला घेतलं होतं. त्यांनी मुलांच्या हातात कॅमेरे दिले, दिवसभर कुठे कुठे गेलात ते नकाशावर नोंदवायला सांगितलं, कोऱ्या कागदावर मनातलं ग्रंथालय काढायला लावलं. २००७ मध्ये ते काम पुस्तकरूपाने आलं. आपल्याकडे मानववंशशास्त्रज्ञ नेमायला पद मंजूर होणार नाही, हे मला कळतं. पण नकाशा आणि पेन्सिलीला मंजुरी लागत नाही.

दुसरी चूक : गेटवरची सही म्हणजे वापर, असं समजणं

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला फुटफॉल, म्हणजे रोज किती जण आले तो आकडा लागतो, म्हणून दाराशी रजिस्टर असतं किंवा बारकोड. त्यातून आत किती आले ते कळतं. आत येऊन कुठे बसले, किती वेळ बसले, की पुस्तक बदलून दोन मिनिटांत गेले, ते काही कळत नाही.

हॉलचा नकाशा एका ए-फोर कागदावर काढा, प्रत्येक टेबलाला चौकोन. त्याच्या झेरॉक्स काढा. रोज दहा, बारा, दोन आणि चार वाजता एक फेरी. एकट्या बसलेल्याला टिंब, गटाला गोल, चार्जर लावला असेल तर बाण. कुणाचं नाव लिहायचं नाही. 'कमवा आणि शिका'तली दोन मुलं हे काम आनंदाने करतात, आणि आपल्यापेक्षा नीट करतात, कारण त्यांना बघून कुणी सावरून बसत नाही. आठवडाभर तरी मोजा. बाजाराचा दिवस त्यात आला पाहिजे आणि शनिवारही. परीक्षेच्या तोंडावर वेगळा आठवडा मोजा. ते दोन नकाशे एकाच ग्रंथालयाचे वाटत नाहीत.

शेवटी सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. कुठे काळं झालंय आणि कुठे कोरं राहिलंय, ते कुठल्याही सल्लागाराशिवाय दिसतं.

लक्षण : "जागा नाही" ही तक्रार, आणि खुर्च्या तर रिकाम्या

आठ जणांचं लांब टेबल चार जण बसले की भरतं. चौघं चार कोपरे धरतात, मध्ये बॅगा, पाण्याची बाटली, उघडलेली वही. पाचवा येतो, बघतो आणि निघून जातो. अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून कुणाला बसायचं नसतं. मुलीला दोन अनोळखी मुलांच्या मधली खुर्ची तर नकोच असते. आपण मात्र अहवालात आठ आसनं लिहितो.

गोल टेबलांचं तेच झालं. गोल टेबलावर बसलं की नजर समोरच्याच्या तोंडावर जाते. गप्पांना, प्रोजेक्टला छान, एकट्याने सर्किट सोडवायला वाईट. आमच्याकडे बहुतेक टिंबं एकट्यांची होती आणि टेबलं मी गटांसाठी घेतली होती.

उपाय स्वस्त आहे. लांब टेबलाच्या मधोमध वीतभर उंचीची पट्टी बसवली तरी आपला भाग आणि समोरच्याचा भाग वेगळा होतो, आणि मधल्या खुर्च्या भरायला लागतात. इथे सुतार उत्साहात येऊन डोक्याइतकी उंच पार्टिशन्स सुचवतो. ती नको. पंख्याचा वारा अडतो, ट्यूबचा उजेड अडतो, एप्रिलमध्ये त्या खुराड्यात कुणी पाच मिनिटं बसत नाही. आणि अगदी मागच्या कोपऱ्यातली, कुणालाच न दिसणारी बंद खोकी मुली टाळतात. अभ्यासाला आडोसा हवा असतो, एकांडेपण नको असतं.

लक्षण : पाटीवर "शांतता राखा", पण शांतता नाही

दोन दिवस डोळे मिटून ऐका. आमच्याकडचा आवाज मुलांचा कमी आणि आमचाच जास्त निघाला. देवघेव काउंटर हॉलच्या आत, त्यावर "दंड किती झाला?" हा संवाद दिवसभर चालू. स्टीलच्या खुर्च्या फरशीवर ओढल्या की दात शिवशिवतात. वर उघडा स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स, त्यामुळे एक शिंक तीनदा ऐकू येते.

खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट घाला. हे अख्ख्या लेखातलं सगळ्यात स्वस्त काम आहे, आणि मी ते सगळ्यात शेवटी केलं. काउंटर, वर्तमानपत्रं, संगणक, झेरॉक्स हे सारं दाराजवळ आणा. आत जाऊ तसतसं शांत होत गेलं पाहिजे. बोलक्या आणि शांत भागांच्या मध्ये भिंत बांधायची गरज नाही, पुस्तकांनी भरलेले रॅक आडवे लावले तरी आवाज बराच मरतो. मात्र रॅक रिकामे असतील तर उपयोग नाही, आणि एकटीला पलीकडे जायला भीती वाटेल इतके उंचही नकोत.

आणि बोलायला एक जागा द्याच. सेमिनार, प्रोजेक्ट, गटचर्चा आपणच अभ्यासक्रमात आणल्या. मग मुलं बोलली की पाटीकडे बोट दाखवणं बरोबर नाही. एक खोली, एक फळा, दारावर वेळापत्रक. खोली नसेल तर व्हरांडा.

लक्षण : टेबलं सरकवलेली, वायरी लोंबकळणाऱ्या

मुलांनी टेबल भिंतीकडे ओढलं असेल तर रागावू नका, ते तुमच्यासाठी आराखडा काढतायत. आपल्या इमारतींत प्लग पॉइंट भिंतीला, आणि भिंतीला कपाटं. म्हणजे सगळे पॉइंट कपाटांच्या पाठीमागे गाडलेले. मग एक्सटेन्शनला एक्सटेन्शन, त्याला चिकटपट्टी, त्यात अडकून कुणीतरी पडतं, आणि दुसऱ्या दिवशी "चार्जिंग करण्यास सक्त मनाई" अशी पाटी लागते.

वीजबिलाचा धाक घालणाऱ्यांसाठी हिशेब : लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॉटचा. ४० लॅपटॉप एकाच वेळी लावले तरी २,६०० वॉट. दीड टनाच्या दोन एसींपेक्षा कमीच. मोबाइल तर त्यात किरकोळ. फक्त प्लगची लाइन दिव्या-पंख्यांपासून वेगळी घ्या, तिला वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) द्या, म्हणजे ट्रिप झालं तरी हॉल अंधारात जात नाही. कपाटं मधे आणा, टेबलं भिंतीला लावा, पॉइंट टेबलाच्या पातळीवर काढा. फरशीत गाडलेले, झाकण असलेले पॉइंट चित्रात छान दिसतात, पण आपल्याकडे फरशी पुसायला बादलीभर पाणी लागतं, ते पाणी तिथेच जातं.

जाता जाता दिव्यांचंही बघा. फर्निचर फिरतं, ट्यूब जागच्या जागी राहतात. जिथे पूर्वी कपाटांच्या ओळी होत्या तिथे टेबलं आली, की प्रत्येकाच्या वहीवर त्याच्याच डोक्याची सावली पडते. वाचायला टेबलावर ३०० ते ५०० लक्स (उजेडाचं माप) उजेड लागतो. मोबाइलवरच्या अ‍ॅपने ढोबळ मोजता येतो. संध्याकाळी मोजा. दुपारी सगळीच ग्रंथालयं उजळ असतात.

बॅग, रुमाल आणि एसटी

यातलं काहीच आर्किटेक्टच्या नकाशात येत नाही, आणि जागा वापरली जाते की नाही हे बरंचसं इथेच ठरतं.

बॅग बाहेर ठेवायचा नियम पुस्तकं चोरीला जातील या भीतीपोटी आला. भीती खरी आहे, पण तिची किंमत त्या अडीच तास जिन्याखाली बसणाऱ्या मुलीने का मोजावी? मुलींना पर्स जवळ लागते, त्याचं कारण काउंटरवर सांगायला लावणं तर अगदीच वाईट. आम्ही हद्द हलवली : बॅग वाचनकक्षात चालेल, पुस्तकांच्या रॅकमध्ये नाही. बाहेर जाताना बॅग उघडून दाखवायची. पावसाळ्यात दाराशी छत्र्यांसाठी एक पत्र्याचा ट्रे. डबा खायला शेजारच्या व्हरांड्यात दोन बाकं आणि एक नळ टाकला, तर पुस्तकांना तेलाचे डागही लागत नाहीत.

रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या आपण एसटीतच शिकतो. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी बाटली ठेवून जातात, अकराला उगवतात. त्यांच्यावर डूख धरू नका, त्यांना घरी टेबल नसतं. पण त्यांचा अभ्यास आठ तासांचा आणि नियमित विद्यार्थ्याचा दोन लेक्चरांच्या मधला; दोघांना एकाच हॉलमध्ये कोंबलं की दुसरा हरतो. वेगळा कोपरा आखा, आणि अर्धा तास रिकाम्या राहिलेल्या जागेवरचं सामान उचलून काउंटरवर ठेवायचा नियम सगळ्यांना सारखा लावा.

वेळेचं म्हणाल तर एसटीचं वेळापत्रक काउंटरमागे चिकटवून ठेवा. सकाळच्या सत्राच्या मुलांच्या गाड्या सातला पोचत असतील आणि आपण दहाला कुलूप काढत असू, तर खुर्च्या कितीही चांगल्या आणल्या तरी काय उपयोग?

फोटोसाठी केलेली कामं

काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली नवी पुस्तकं. पाहुण्यांसाठी सोफा. दाराशी रॅम्प, पण इतका खडा, की त्यावरून फक्त स्कूटर चढेल. रॅम्पचं साधं प्रमाण एकास बारा : दाराशी दोन पायऱ्या मिळून फूटभर उंची असेल तर रॅम्प बारा फूट लांब हवा. तो संपल्यावर उंबरा नको, आणि आत दोन रॅकमधून व्हीलचेअर जायला ९० सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचा संगणक कुलपाच्या खोलीत आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे, हेही पाहिलंय. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो. तो हॉलमधल्याच एका संगणकावर, हेडफोनसह ठेवा.

दर १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, आपण ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या फोटोला हार घालतो. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांचा १९३१ मधला चौथा नियम भाषणात येतो. जमिनीवर उभं राहून हात पोचेल एवढाच रॅक उंच असावा, हेही त्यांनीच सांगितलंय. तो हार घालायला आम्ही ज्या स्टुलावर चढतो, तेच स्टूल वर्षभर वरच्या कप्प्यातली पुस्तकं काढायला लागतं.

शेवटची, सगळ्यात महागडी चूक : एकदम ऑर्डर देणं

तीन कोटेशन आली, मार्चअखेर जवळ आली, निधी परत जाईल म्हणून चाळीस टेबलं एका सहीत मागवली, असं होतं. त्याआधी पंधरा दिवस परीक्षा विभागाची जुनी बाकं मागून आणा. फरशीवर चिकटपट्टीने नवी रचना आखा, बाकं तशी लावा, आणि पुन्हा त्याच चार फेऱ्या मारा. मुलांनी बाकं हलवली तर परत जागेवर ढकलू नका, नवी जागा कागदावर नोंदवा. सहा महिन्यांनी, खरं फर्निचर आल्यावर, तोच नकाशा तिसऱ्यांदा भरा.

आमच्या बोळात आता भिंतीला लागून अरुंद टेबलं आहेत, पाच पॉइंट आहेत, लंगड्या बाकड्याला चौथा पाय बसवलाय. मामांनी तिथे पाण्याचा माठ स्वतःहून आणून ठेवला. सहा गोल टेबलं स्टाफरूममध्ये गेली. डबा खायला उत्तम आहेत.