ए१०५ की एलएफ२? फोर्जिंग निवडताना या चुका टाळा

पाइप जोडणाऱ्या फ्लँजच्या किंवा फोर्ज्ड (तापवून, दाबून घडवलेल्या) फिटिंगच्या ऑर्डरमध्ये नुसतं 'कार्बन स्टील' लिहिलं, तर बहुतेक वेळा एएसटीएम या मानक संस्थेच्या ए१०५ ग्रेडचा माल येतो. त्यात पुरवठादाराचा दोष नाही. साध्या आणि चढ्या तापमानासाठी तेच चालतं. घोळ होतो तो थंडीत.

सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे पाइपलाइनचं किमान तापमान बाहेरच्या हवेवरून ठरवणं. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" असं म्हणत ए१०५ मंजूर होतं. पण लाइनमध्ये द्रव प्रोपेन असेल आणि दाब एकदम सोडला, तर प्रोपेन उकळताना धातू उणे ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरू शकतो. उरणला ऐन मे महिन्यातसुद्धा! एवढ्या थंडीत साधं कार्बन स्टील न वाकता थेट तडकू शकतं. ए१०५ मध्ये इम्पॅक्ट टेस्ट (थंड नमुना आघाताने तोडून चिवटपणा मोजणं) बंधनकारक नाही, त्यामुळे अशा जागी ही चाचणी बंधनकारक असलेलं ए३५० एलएफ२ मागवा.

आणि पुढे क्लास लिहाच. क्लास १ ची चाचणी उणे ४६ अंशांना होते, नमुना तोडायला सरासरी किमान २० ज्यूल ऊर्जा लागली पाहिजे. क्लास २ ची उणे १८ ला, २७ ज्यूल. ज्यूलचा मोठा आकडा पाहून क्लास २ वरचढ समजू नका, आधी तापमान वाचा.

'ए१०५एन घेतलंय, चालेल' हे उत्तरही अपुरं आहे. 'एन' म्हणजे नॉर्मलायझिंग, तापवून हवेत थंड करणं. त्याने स्टीलचा दाणा बारीक होतो, चिवटपणा सहसा सुधारतो. पण चाचणीच केली नसेल तर तो किती, हे टीसीवर (टेस्ट सर्टिफिकेटवर) कुठून येणार?

उलट, सगळीकडे एलएफ२ टाकणं म्हणजे, माझ्या मते, उगाच खर्च. दाब सोसण्यात ते पुढे नाही: बी१६.५ या फ्लँजच्या मानकात दोन्ही एकाच गटात आहेत, क्लास १५० ला (हा दाबाचा क्लास, वरचा चाचणीचा नव्हे) साध्या तापमानात १९.६ बार. ४२५ अंशांच्या वर सतत चालणाऱ्या लाइनला तर दोन्ही नकोत. कार्बनचं ग्राफाइट होऊन स्टील कमजोर होतं. तिथे ए१८२ एफ११ सारखं अलॉय स्टील बघा.

माल आल्यावर टीसीवरचा हीट नंबर (स्टीलच्या ओतीव घाण्याचा क्रमांक) फ्लँजवर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळवा. सळईतून (बारमधून) थेट लेथवर कातलेला फ्लँज ए१०५ ला मान्य नाही, म्हणून फोर्जिंग कुठे झालं तेही विचारा.