जर्मनीच्या ‘आर्थिक चमत्कारा’वर लिहिताना या चुका टाळा

यूपीएससीचा वैकल्पिक इतिहास असो नाहीतर कॉलेजचा निबंध, महायुद्धानंतरच्या जर्मनीवरची बहुतेक उत्तरं एकाच साच्यातली असतात. देश बेचिराख झाला, मार्शल प्लॅनमधून अमेरिकेने पैसा ओतला, जर्मन माणूस मुळातच कष्टाळू, आणि दहा वर्षांत चमत्कार झाला. यातल्या प्रत्येक विधानात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती सहज खपून जातात. उपाय साधा आहे: प्रत्येक कारणासमोर त्याचं वर्ष लिहा. निम्म्या चुका तिथेच उघड्या पडतात.

‘शून्यातून सुरुवात’ असं लिहू नका

कोलोन, हॅम्बुर्गसारखी शहरं उद्ध्वस्त झाली होती, ऱ्हाइनवरचे पूल पाण्यात होते, रुळांची दाणादाण उडाली होती. रूरच्या खाणींतून निघालेला कोळसा वाहून न्यायला गाड्या नव्हत्या. पण बॉम्बनी घरं आणि वाहतूक जितकी मोडली तितकी यंत्रं मोडली नाहीत. युद्धसज्जतेच्या काळात कारखान्यांत प्रचंड गुंतवणूक झाली होती. त्यामुळे बॉम्बहल्ले आणि कारखान्यांची मोडतोड वजा करूनही पश्चिम जर्मनीची औद्योगिक यंत्रसामग्री 1936 पेक्षा जास्तच भरत होती, असा आर्थिक इतिहासकारांचा हिशेब आहे.

इथे एक गोष्ट वगळणं मला अप्रामाणिक वाटतं. युद्धकाळातलं ते उत्पादन पोलंड, सोव्हिएत संघ, फ्रान्समधून आणलेल्या लाखो वेठबिगार मजुरांच्या आणि छळछावण्यांतल्या कैद्यांच्या घामावर चाललं होतं. त्यांच्यातल्या हयात असलेल्यांना भरपाई देण्याचा व्यापक कायदा व्हायला 2000 साल उजाडलं. भरभराटीची कारणं सांगताना हा हिशेबही सांगायला हवा.

मार्शल प्लॅनला सगळं श्रेय देऊ नका, शून्यही देऊ नका

योजनेची घोषणा जून 1947 मध्ये झाली आणि मदत 1948 च्या उत्तरार्धात पोहोचू लागली. तोवर पश्चिमेकडचं उत्पादन वाढू लागलं होतं. शिवाय आकडे पाहा: सुमारे 13 अब्ज डॉलरपैकी पश्चिम जर्मनीला साधारण 1.4 अब्ज मिळाले, ब्रिटनला त्याच्या दुपटीहून जास्त. नुसत्या डॉलरनी चमत्कार घडत असता तर तो आधी ब्रिटनमध्ये दिसला असता.

पण त्या पैशाचा वापर नीट समजून घ्या. अमेरिकेतून आलेल्या मालाची किंमत जर्मन आयातदार मार्कमध्ये भरत. ते मार्क एका निधीत साठवून कोळसा, वीज, घरबांधणीसाठी कर्जाऊ दिले जात, परत आले की पुन्हा फिरवले जात. या कामात 1948 मध्ये स्थापन झालेली केएफडब्ल्यू ही सरकारी बँक महत्त्वाची होती. हीच बँक आजही चालू आहे आणि नागपूर मेट्रोला तिचंच कर्ज आहे.

20 जून 1948 चा अर्थ नीट लावा

त्याआधी जुन्या मार्कला किंमत उरली नव्हती. व्यवहार सिगारेटवर चालत. शहरातली माणसं घरातला गालिचा घेऊन खेड्यात जात आणि बटाटे घेऊन परतत. मग त्या रविवारी पश्चिमेच्या, म्हणजे अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या ताब्यातल्या, तिन्ही विभागांत लोक रांगा लावून उभे राहिले. माणशी 40 नवे मार्क हातात पडले, 20 नंतर मिळाले. नोटा अमेरिकेत छापून खोक्यांतून गुपचूप आणलेल्या होत्या. सोमवारी दुकानांच्या काचांमागे भांडी, बूट, कापड दिसू लागलं.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. तो माल एका रात्रीत तयार झाला नव्हता. नव्या चलनाची वाट पाहत व्यापाऱ्यांनी तो दडवून ठेवला होता. ब्रिटिश-अमेरिकी विभागांच्या अर्थप्रशासनाचे प्रमुख लुडविग एरहार्ट यांनी त्याच वेळी बऱ्याच वस्तूंवरचं किंमत नियंत्रण उठवलं, म्हणून तो बाहेर आला. घरभाडं, कोळसा, पोलाद आणि मुख्य धान्यावरचं नियंत्रण मात्र कायम होतं. त्यामुळे ‘पूर्ण मुक्त बाजार’ हे वर्णन चुकीचं ठरतं.

भारही सारखा वाटला गेला नाही. बँकेतल्या 100 जुन्या मार्कांचे शेवटी साडेसहा झाले, कारखाना किंवा इमारत असलेल्याची मालमत्ता शाबूत राहिली. किमती चढल्या आणि 12 नोव्हेंबर 1948 ला 90 लाखांहून अधिक कामगार संपावर गेले. 1950 मध्ये बेकारी 10 टक्क्यांच्या पुढे होती. खरी मुसंडी त्यानंतरची. कोरियन युद्धामुळे जगभर यंत्रांना आणि पोलादाला मागणी आली, आणि जर्मनीकडे नेमकं तेच बनवायची क्षमता पडून होती. 1953 च्या लंडन करारात परदेशी कर्ज जवळपास निम्म्यावर आलं आणि हप्ते निर्यातीच्या कमाईतून भरता येतील असे बेतले गेले. हा करार उत्तरांतून हमखास गळतो.

निर्वासित आणि ‘पाहुणे कामगार’ यांची सरमिसळ नको

‘पाहुणे कामगार’ म्हणजे करार करून परदेशातून आणलेले मजूर. इटलीशी कामगार भरतीचा करार 1955 चा, तुर्कस्तानशी 1961 चा. पहिल्या टप्प्यातलं मनुष्यबळ वेगळं होतं: पूर्वेकडून हाकलले गेलेले सुमारे 80 लाख जर्मन, आणि 1961 मध्ये बर्लिनची भिंत उभी राहीपर्यंत पूर्व जर्मनीतून आलेले आणखी लाखो. सुरुवातीला त्यांच्याकडे ओझं म्हणूनच पाहिलं गेलं. पण त्यांत कुशल कारागीर होते, आणि काम मिळेल तिथे जायची त्यांची तयारी होती.

‘जर्मन माणूस कष्टाळू’ हे कारण म्हणून देऊ नका

कष्टाळू माणसं एल्ब नदीच्या पलीकडे, म्हणजे पूर्व जर्मनीतही होती. तिथे सोव्हिएत सैन्याने कारखाने उचलून नेले, अनेक मार्गांवरचा दुसरा रूळसुद्धा उखडला. पश्चिमेत रेशनिंग 1950 मध्ये संपलं, पूर्व जर्मनीत ते 1958 पर्यंत चाललं. म्हणून उत्तरात नुसतं ‘जर्मनी’ न लिहिता ‘पश्चिम जर्मनी’ लिहा.