जर्बिल भांडतात? या चुका टाळा

पाळीव जर्बिल हे उंदरासारखे छोटे प्राणी, मूळचे मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या गवताळ भागातले. तिथे ते कुटुंब करून बिळात राहतात आणि घरचा कोण, परका कोण हे वासावरून ओळखतात. पिंजऱ्यातल्या पुष्कळ भांडणांचे मूळ याच वासात असते.

जरा झटापट झाली की घाबरून दोघांना वेगळे करू नका. मागच्या पायांवर उभे राहून ढकलाढकली, थोडी पळापळ, खाण्यावरून ओढाताण चालायचीच. उलट काही दिवस लांब ठेवलेली जोडी एकमेकांना विसरते आणि मग खरी मारामारी जुंपते. मात्र एक जण सतत दुसऱ्याच्या मागे लागला, त्याला घरट्यात झोपू देईना, तर सावध व्हा. दोघांचा गुंता होऊन गोल लोळू लागले किंवा रक्त दिसले, तर त्याच क्षणी वेगळे करा. तेही जाड हातमोजे घालून, उघड्या हाताने नाही. शेपूट धरून तर कधीच ओढू नका, तिची कातडी सोलून निघते. जखम खोल असेल तर पशुवैद्याकडे न्या.

‘राग शांत झाला असेल’ म्हणून तासाभराने पुन्हा एकत्र सोडणे ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. अशाने जीव जातो. पिंजऱ्याच्या मधोमध बारीक, पक्की जाळी बसवा आणि दोघांच्या बाजू रोज दोन-तीनदा अदलाबदल करा, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याच्या वासात झोपावे लागते. याला आठवडा-दोन आठवडे सहज लागतात. जाळीपाशी चावाचावी थांबली, दोघे जाळीला चिकटून झोपू लागले, की सुट्टीच्या दिवशी, समोर बसून, जाळी काढा. जागा लहानच ठेवा. ‘मोठा पिंजरा घ्या, भांडणे मिटतील’ हा सल्ला सर्रास मिळतो, पण नुकत्याच जुळलेल्या जोडीला एकदम ऐसपैस जागा दिली तर दोघे आपापली हद्द आखून बसतात.

पिंजऱ्यात अंथरलेला सगळा भुसा एका दिवशी बदलू नका. थोडा जुना भुसा आणि घरटे तसेच राहू द्या, म्हणजे ओळखीचा वास टिकतो.

तीन-चार माद्या एकत्र ठेवणे म्हणजे भांडणाला आमंत्रणच. एकाच लिंगाची, लहानपणापासून एकत्र वाढलेली जोडी बरी. जाळीचा प्रयोग दोनदा फसला, तर दोघांना कायमचे वेगळे ठेवा. एकटा पडलेला मोठा जर्बिल दुसऱ्या मोठ्यापेक्षा लहान पिल्लाला लवकर स्वीकारतो, पण तिथेही सुरुवात जाळीनेच करायची.