गाणं गाऊ द्या, विकू नका

अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या माहेरघरी, टेनेसीतल्या नॅशव्हिलला नोकरीसाठी आलेली आपली मंडळी अधूनमधून विचारतात, "गिटार येते, चार गाणी लिहिलीत, इथे काही जमेल का?" दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी रायटर्स राऊंड (गीतकारांनी एकत्र बसून आपापली गाणी गायची बैठक) करत मी या गावात रुळलो. माझं पहिलं सांगणं असतं, गायकाचं आणि गीतकाराचं खातं वेगळं धरा. माणूस एकच असला तरी.

कंट्री गायक-गीतकार विली नेल्सनचंच बघा. टेक्सासचा हा गडी 1960 मध्ये इथे आला, त्याआधीच त्याने 'फॅमिली बायबल' 50 डॉलरला आणि 'नाइट लाइफ' 150 डॉलरला विकून टाकलं होतं. घर चालवायचं होतं, दुसरं काय! दोन्ही गाणी पुढे गाजली. 'हॅलो वॉल्स'ही तो 500 डॉलरला फुंकणार होता, पण गायक फॅरन यंगने ते विकत न घेता पैसे उसने दिले आणि गाणं स्वतः गायलं. 1961 मध्ये ते कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं. त्याच वर्षी गायिका पॅट्सी क्लाइनने विलीचं 'क्रेझी' गायलं. गीतकाराची दिवाळी!

विलीतल्या गायकाचं मात्र काही जमेना. तालाच्या मागेपुढे रेंगाळणारा आवाज, त्यावर कंपन्यांनी चढवलेले व्हायोलिनचे थर. रेकॉर्ड निघत राहिल्या, खप बेताचाच. टेनेसीतलं घर जळालं तेव्हा तो टेक्सासला परतला. 1975 चा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम इतका उघडावाघडा होता की कंपनीतल्यांना तो कच्चा डेमो वाटला. त्यातल्या 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन'ने गायक म्हणून त्याला पहिला नंबर मिळवून दिला. गंमत म्हणजे ते गाणं त्याचं नव्हतंच, फ्रेड रोझचं होतं. पुढे 1990 मध्ये करखात्याने मालमत्तेवर टाच आणली, देणं दीड कोटी डॉलरच्या वर. ते फेडायला त्याने एक अल्बमच काढला. थोडक्यात, आलेला पैसा बाजूला ठेवायलाही शिका.

अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकाला (गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला) जातं, गायकाला नाही. त्यामुळे इथे निम्म्या गावाचा जीव गाण्याच्या हक्कात अडकलेला असतो. ब्लूबर्ड कॅफेत एकदा बसा. गावातल्या ग्रीन हिल्स भागातल्या दुकानांच्या ओळीतली ती छोटीशी खोली. चार गीतकार मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात, श्रोते भोवती, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. कुजबुजलात तरी लोक "श्श!" करतात. गाणाऱ्याचा चेहरा कोणाच्या ओळखीचा नसतो, गाणं मात्र सगळ्यांना पाठ असतं. सोमवारी तिथे ओपन माइक असतो, म्हणजे नवख्यांनाही गायला मिळतं, पण एच-वन-बी व्हिसावर असाल तर कुठेही पैसे घेऊन गाण्याआधी वकिलाला विचारा.

गीतकारांचं मानधन गोळा करून देणाऱ्या एस्कॅप किंवा बीएमआय या संस्थांपैकी एकीकडे नाव नोंदवा. कोणाबरोबर मिळून गाणं लिहिलंत तर खोलीतून उठण्याआधी वाटणी कागदावर लिहा. बहुतेक जण सारखे वाटे करतात, मग कोणाची ओळ किती भारी यावरून वाद नको. आणि प्रकाशक दर महिन्याला 'ड्रॉ' देऊ लागला तर तो पगार समजून गाडी घ्यायला धावू नका. ती ऊसतोड मजुराची उचल असते, पुढच्या रॉयल्टीतून आधी तीच कापली जाते.